रुपयाचा प्रश्न : डॉ. आंबेडकरांच्या चलनविषयक संशोधनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. अर्जुनी मोरगाव तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. या परिसरात बाबासाहेब राज्यघटनेचे शिल्पकार आणि समतेचे प्रणेते म्हणून सर्वपरिचित आहेत. त्यांचे अर्थशास्त्र मात्र बहुधा एकाच विधानात आटोपते : त्यांच्या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक स्थापन झाली. त्यांच्या चलनविषयक संशोधनातील मूळ प्रश्न कोणता होता, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया कंपनी सरकारच्या मुलखात प्रमाण नाणे ठरला. टांकसाळी खुल्या असल्याने कोणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेता येत. १८७० नंतरच्या दशकांत चांदीचा भाव कोसळला. पूर्वी सुमारे २४ पेन्सचा असलेला रुपया १८९३ च्या सुमारास १५ पेन्सपर्यंत खाली आला. इंग्लंडमधील देणी सोन्यात फेडावी लागत असल्याने सरकारवरील बोजा वाढला. परिणामी १८९३ मध्ये टांकसाळी जनतेसाठी बंद करण्यात आल्या. १८९८ च्या फाउलर समितीने सुवर्णचलनाचा पुरस्कार केला. प्रत्यक्षात मात्र चांदीचा रुपया, लंडनमधील राखीव निधी आणि १६ पेन्सचा विनिमय दर अशी सुवर्ण विनिमय पद्धती रूढ झाली.

केन्स आणि आंबेडकर :
जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीचे समर्थन केले. ती सोन्याची बचत करणारी व लवचीक आहे, असे त्यांचे मत होते. आंबेडकरांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात नेमक्या या लवचीकतेवरच आक्षेप घेतला. १८९३ मध्ये नवी नाणेपाडणी थांबल्यानंतर काही वर्षांनी रुपया १६ पेन्सपर्यंत सावरला. म्हणजे त्याला आधार मिळाला तो संख्येच्या मर्यादेचा, असे त्यांनी दाखविले. पुढे सरकारने हवे तेव्हा रुपये पाडले आणि ती मर्यादा सुटली. विनिमय दर स्थिर दिसला, तरी देशांतर्गत किमती वाढत राहिल्या. रुपयाची क्रयशक्ती हाच त्यांच्या दृष्टीने चलनाचा खरा निकष होता. रुपयाची नाणेपाडणी कायमची थांबवावी व सुवर्णनाण्याची टांकसाळ उघडावी, हा त्यांचा उपाय होता. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनाही त्यातील सर्व मते मान्य नव्हती, हे येथे उल्लेखनीय आहे.

या भूमिकेमागे सामाजिक दृष्टी होती. रुपयाचे मूल्य घसरले की निर्यातदार व मालक यांचा नफा वाढतो; परंतु मजुरी किमतींच्या वेगाने वाढत नाही. म्हणून तो नफा मजुराच्या पदरातून निघतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हिल्टन यंग आयोग :
डिसेंबर १९२५ मध्ये आंबेडकरांनी या आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने १९२६ मध्ये सुवर्ण लगड परिमाण, १८ पेन्सचा दर आणि मध्यवर्ती बँक यांची शिफारस केली; १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. आंबेडकरांना सोन्याचे नाणे व्यवहारात हवे होते. आयोगाने ते नाकारले. त्यामुळे बँकेची उभारणी सरळ त्यांच्या ग्रंथातून झाली, असे म्हणणे इतिहासाला धरून होत नाही.

निष्कर्ष :
या दुरुस्तीने आंबेडकरांचे महत्त्व कमी होत नाही. उलट त्यांचा खरा प्रश्न समोर येतो. चलन वाढविण्याचा अधिकार कोणाकडे असावा आणि त्याला कोणते बंधन असावे, हा तो प्रश्न होय. सुवर्ण परिमाण इतिहासजमा झाले. पण २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन महागाईचे ४ टक्के लक्ष्य ठरविण्यात आले, तेव्हा अधिकाराला नियमाची चौकट घालण्याचाच विचार वेगळ्या रूपाने पुढे आला. धानाची शेती आणि शेतमजुरी यांवर जगणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना अर्थशास्त्र शिकविताना गौरवाच्या एका वाक्याऐवजी हा युक्तिवाद वर्गात मांडला जावा. महागाईत धान्य विकणारा आणि धान्य विकत घेणारा यांचे हित एक नसते, हे त्यांना घरच्या अनुभवावरून पडताळता येईल.