मोटारीच्या पाण्याचा इतिहास

यंत्रयुगाच्या इतिहासांत अग्नीचें वर्णन पुष्कळ येतें, पाण्याचें फारसें येत नाहीं. इंधन जळून मोटार चालते हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्या ज्वलनांतील उष्णतेचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकला नाहीं, तर एंजिन स्वतःच्याच तापानें अडकून बसेल, हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. हें पाणी काढणें व पुनः भरणें हें काम आरंभापासून मालकाच्या हातचें होतें, व आजहि कित्येक गृहस्थ तें घरच्या अंगणांत करतात. या साध्या कामाचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे. कारण त्याच्या ओघांत एक नवी जबाबदारी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर येऊन पडली आहे.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या तीनचाकी गाडींत पाणी उकळून त्याची वाफ होऊन जाई, आणि जेवढें जाई तेवढें पुनः ओतावें लागे. ऑगस्ट १८८८ मध्यें त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांसह त्या गाडींतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. सुमारें शंभर किलोमीटरांच्या त्या प्रवासांत वाटेवर वारंवार पाणी भरून घ्यावें लागलें. पुढें १९०० सालीं विल्हेल्म मायबाख यांनीं मर्सिडीज गाडीसाठीं मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाही, त्यांच्या भोंवतालच्या फटींतून पाणी फिरे, आणि पस्तीस अश्वशक्तीच्या त्या एंजिनास अवघें नऊ लिटर पाणी पुरे होई. तेंच पाणी पुनः पुनः निववून वापरण्याची विद्या येथें खऱ्या अर्थानें साध्य झाली.

परंतु पाणी गाडींत टिकूं लागतांच थंड देशांत दुसरें संकट उभें राहिलें. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें, व तो जोर ओतीव लोखंडासहि आवरत नाहीं. १९०८ सालीं बाजारांत आलेल्या फोर्डच्या 'टी' मोटारीच्या रेडिएटरखालीं एक लहानशी तोटी असे. उत्तर अमेरिकेच्या हिंवाळ्यांत मालक सायंकाळीं ती उघडून सारें पाणी सोडून देई, व सकाळीं ऊन पाणी भरून गाडी चालूं करी. एका रात्रीचा विसर पडला तरी एंजिन तडकण्याची भीति असे. हा त्रास चुकविण्यासाठीं लोकांनीं पाण्यांत मद्यार्क घातला, ग्लिसरीन घातलें, मीठवर्गीय क्षार घातले, मध आणि साखरहि घालून पाहिली. मद्यार्क उडून जाई, क्षार धातु खात, आणि साखरेनें नळ्या चिकटून बसत.

यावर टिकाऊ तोड निघाली ती एथिलीन ग्लायकॉलची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदोल्फ वुर्त्झ यांनीं हा पदार्थ १८५६ सालीं तयार केला होता. तथापि मोटारीसाठीं तो 'प्रेस्टोन' या नांवानें अमेरिकेंत विक्रीस आला १९२७ सालीं. १९७ अंश सेंटिग्रेडवर उकळणारा हा द्रव मद्यार्काप्रमाणें उडून जात नाहीं. मौज अशी कीं, शुद्ध ग्लायकॉल शून्याखालीं १३ अंशांच्या सुमारास गोठतें, परंतु तें निम्मेंनिम पाण्यांत मिसळलें म्हणजे मिश्रण शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत तग धरतें. पुढें त्यांत गंज रोखणारीं द्रव्यें मिळविण्यांत आलीं. १९६१ सालच्या रेनो ४ या गाडींत तर सारी व्यवस्थाच बंदिस्त झाली. रोजचें काम वर्षावर गेलें, आणि वर्षाचें कांहीं वर्षांवर.

आपल्या महाराष्ट्रांत हिमाचें भय नाहीं. परंतु घाटाच्या चढणीवर झांकण उघडून वाफ सोडीत उभ्या असलेल्या गाड्या आमच्या पिढीस अपरिचित नाहींत. विहिरीचें जड पाणी भरल्यानें नळ्यांत क्षारांचा थर बसतो, व मग ऐन चढावर रेडिएटर हार खातो. म्हणून कूलंट हें केवळ हिमप्रदेशाचें औषध होय, असा समज येथेंहि चुकीचाच ठरतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. एंजिन पुरतें निवल्याशिवाय झांकणास हात लावूं नये. आंतलें पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्याहि वर तापलेलें असूं शकतें, व दाब सुटतांच तें अंगावर उसळतें. गाडी सपाट जागीं उभी करून तोटीखालीं पसरट भांडें ठेवावें, हीटरचा मार्ग खुला करावा, मग तोटी उघडावी. नितळ पाणी येईपर्यंत आंतील भाग धुवावा, आणि धुण्याचें पाणीहि सांठवावें. नंतर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलाच कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यांत योग्य प्रमाणांत मिसळून सावकाश भरावा. नुसता रंग पाहून निवड करूं नये. एकाच रंगाचे दोन द्रव निराळ्या जातीचे असूं शकतात. शेवटीं कोंडलेली हवा पुस्तिकेंतील रीतीनें काढून एंजिन चालवावें व थर्मोस्टॅटची झडप उघडूं द्यावी. गाडी पुनः निवल्यावर पातळी पाहून उणीव भरून काढावी.

येथें काम संपलें असें वाटतें, परंतु आमच्या मतें खरा प्रश्न येथूनच पुढें आहे. फोर्डच्या काळीं सोडलेलें साधें पाणी मातींत जिरून जाई. आजच्या भांड्यांतील द्रव गोड आहे आणि विषारी आहे. कुत्रीं-मांजरें तो चाटतात, लहान मूल चव घेऊं शकतें. शरीरांत त्याचें रूपांतर होऊन मूत्रपिंडें निकामी होतात. इतिहासाचा खेळ असा कीं, ज्या मद्यार्कास ग्लायकॉलनें रेडिएटरमधून हुसकून लाविलें, तोच मद्यार्क डॉक्टर या विषावर उतारा म्हणून वापरीत आले आहेत. कारण तो तें रूपांतर रोखतो. १९९१ सालीं अमेरिकेच्या ऑरेगन राज्यानें अशा द्रवांत कडू द्रव्य घालण्याचा कायदा केला. पण कडवटपणावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं.

यासाठीं काढलेला द्रव गटारांत, झाडाच्या आळ्यांत किंवा रस्त्यावर ओतूं नये. सरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलींत तर कधींच ठेवूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून, वर ठळक अक्षरांत 'विष' असें लिहून, तो मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा ठिकाणीं ठेवावा, आणि असा द्रव रीतसर स्वीकारणाऱ्या गॅरेजच्या किंवा संस्थेच्या हवालीं करावा. चुकून पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां तात्काळ रुग्णालय गांठावें. पूर्वीचा मालक पाणी काढी तें एंजिन वांचावें म्हणून. आजच्या मालकास काढलेल्या पाण्यापासून घरचीं माणसें आणि दारचीं जनावरेंहि वांचवावयाचीं आहेत.