बंद पाकिटाची विद्या

भोसरीतल्या जॉबवर्क करणाऱ्या कुठल्याही कारखान्याच्या मेलपेटीत डोकावून पाहा. चाकणहून आलेली ड्रॉइंग्ज, कोटेशन्स, पीओ. आणि त्यांच्याच खाली कामगारांच्या पगारपावत्या, आधारच्या प्रती, कुणाच्या तरी आईचा रक्ततपासणी अहवाल. मेल आज वाटेत बहुधा सुरक्षित असतो. पण सर्व्हरवर पोचला की तो चालवणाऱ्याला वाचता येतो, पासवर्ड चोरणाऱ्यालाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मेलपेटीपर्यंत आणणारं शास्त्र म्हणजे कूटलेखन. या शास्त्रात तुमचं मनापासून स्वागत.

व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी 1976 साली दाखवलं, की कधीही न भेटलेली दोन माणसं उघड्या वाटेवरून बोलूनही आपल्यापुरतं गुपित ठरवू शकतात. 1991 मध्ये फिल झिमरमन यांनी मेल कूटबद्ध करणारा पीजीपी हा प्रोग्राम लोकांना फुकट दिला. त्यापायी अमेरिकी सरकारने निर्यात कायद्याखाली त्यांची चौकशी केली आणि 1996 मध्ये ती सोडून दिली. आज तेच काम करणारं जीएनयूपीजी मोफत मिळतं, आणि 2020 पासून थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममध्ये ही सोय आतच आहे.

किल्ल्या दोन. सार्वजनिक किल्ली सर्वांना द्यायची. तिने बंद केलेला मेल फक्त तुमच्या खासगी किल्लीने उघडतो. इथवर गणित पुरतं. खरी अडचण पुढे आहे: हाती आलेली किल्ली त्याच माणसाची कशावरून? प्रचलित किल्लीला 40 अक्षर-अंकांचा ठसा असतो. तो समोरासमोर ताडून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या या औद्योगिक पट्ट्याइतकं सोयीचं ठिकाण मला दुसरं दिसत नाही. व्हेंडर आणि खरेदी विभागातला माणूस इथे गेटवर, इन्स्पेक्शनला भेटत असतात. गेज लावल्याशिवाय माल पुढे सोडायचा नाही ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. ठसा असा पडताळलेला असला की ‘आमचं बँक खातं बदललं’ असा खोटा मेल त्याखाली खऱ्या माणसाच्या खासगी किल्लीने केलेली सही नसल्याने उघडा पडतो.

मर्यादाही सांगायलाच हव्यात. कुणी, कुणाला, केव्हा लिहिलं हे झाकलं जात नाही. बहुतेकदा विषयाची ओळही नाही. खासगी किल्ली हरवली तर जुना मेल कायमचा बंद.

एकट्याच्या किल्लीचा उपयोग होत नाही, म्हणून पहिला धडा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याबरोबर गिरवा आणि ठसे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा.