वाढते उत्पन्न आणि ताटातले अन्न : नागपूर-वऱ्हाडचा दाखला

आर्थिक वाढ झाली की अन्नसुरक्षा मागोमाग येते, हे गृहीतक तपासायला नागपूर-वऱ्हाडसारखा दुसरा प्रदेश नाही. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपुरात पोहोचली, १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि इथला कापूस जगाच्या बाजारात गेला. तरीही १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत-वऱ्हाडात असंख्य माणसे दगावली. धान्य आणायला रेल्वे होती. पण पाऊस नाही म्हणून मजुरी बुडाली आणि ज्वारीचा भाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला. अन्न कोणाला मिळणार, हे त्याच्या विकत घेण्याच्या ताकदीवर ठरते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हाच मुद्दा सिद्धांतरूपाने मांडला.

आज तोच पेच सोयाबीनने नव्याने उभा केला आहे. पूर्वी कपाशीच्या तासांत तूर, धुऱ्यावर अंबाडी आणि शेजारच्या वावरात ज्वारी असे. भाकर, वरण, भाजी आणि बैलांचा कडबा घरच्याच शेतातून निघे. सोयाबीन मात्र तेलगिरणीत जाते, त्याची ढेप कोंबडीखाद्यात. रोख पैसा येतो, खायचे सगळे विकत आणावे लागते आणि भाव पडला की आधी डाळ सुटते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक पात्र कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. हा आधार मोठा आहे, पण प्रथिनांची उणीव त्याने भरून निघत नाही.

मुलांच्या उंचीत हे दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुरटलेली मुले २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ३४.४. पुढच्या फेरीत, राज्याचे उत्पन्न वाढूनही, ३५.२! त्याउलट, महाराष्ट्राहून कमी दरडोई उत्पन्नाच्या बांगलादेशात हे प्रमाण २००४ मधल्या ५१ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २४ वर आले. मुलींचे शिक्षण आणि घरोघरी शौचालये यांचा त्यात मोठा वाटा मानला जातो. ३६ देशांच्या २०१४ मधील एका अभ्यासातही वाढीचा आणि बालकुपोषण घटण्याचा संबंध अगदी क्षीण आढळला.

उत्पन्न वाढले म्हणून ताट आपोआप भरत नाही. म्हणून माझ्या मते विदर्भात पहिले पाऊल खरेदीचे हवे. सरकारने ज्वारी आणि तूर याच जिल्ह्यांतून हमीभावाने घेऊन इथल्याच रेशन दुकानांत आणि अंगणवाड्यांत द्यावी. सोयाबीनला दारात गिऱ्हाईक आहे; ज्वारीला तसे मिळेपर्यंत शेतकऱ्याने ती का पेरावी?