परभणी जिल्हा : ऋतुमानानुसार जत्रा, सण आणि सहलीची ठिकाणे

मराठवाड्यातील गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यात वसलेला शेतीप्रधान जिल्हा. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १८.३६ लाख. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव ही दोन मोठी तीर्थे तिकडे गेली. वेरूळ-अजिंठा पाहायला मराठवाड्यात आलेला प्रवासी सहसा परभणीपर्यंत येत नाही. आलाच तर दोन-चार देवळे पाहून दुपारच्या गाडीने परततो. या जिल्ह्याचे वैभव असे कोणत्याही दिवशी येऊन दिसणारे नाही. ते पावसाबरोबर, पिकाबरोबर आणि तिथीबरोबर येते व ओसरते. म्हणून प्रस्तुत नोंद तालुकावार न लावता आषाढापासून वैशाखापर्यंतच्या क्रमाने लावली आहे.

आषाढात काळ्या रानात पेरण्या उरकत आलेल्या असतात आणि रस्त्यांवर दिंड्या लागतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना हिंगोली जिल्ह्यातून त्रिधारामार्गे परभणीत येते आणि दैठणा, गंगाखेड असे मुक्काम करीत परळीकडे उतरते. पांढऱ्या वेशातील वारकऱ्यांच्या शिस्तबद्ध रांगा, वाटेवरच्या प्रत्येक गावाने मांडलेल्या पंगती आणि पहिल्या पावसाने ओली झालेली माती हे सगळे एकत्र पाहायचे, तर दैठणा ते गंगाखेड या टप्प्यात पालखीबरोबर चार-दोन कोस चालावे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. गोदाकाठी त्यांचे मंदिर आहे आणि त्यांच्या नावाची पालखीही येथून पंढरीला जाते. आषाढ वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी पाळतात. ‘दक्षिण काशी’ म्हणवणाऱ्या या गावाचे घाट गर्दीपेक्षा पहाटे अधिक चांगले दिसतात. अधिक मासात मात्र पहाटही मोकळी नसते. गोदास्नानासाठी आसपासच्या तालुक्यांतून माणसे लोटतात.

श्रावण अमावास्येचा पोळा हा या जिल्ह्याचा सर्वांत मोठा शेतसण. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होते : वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतन देतात. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन, शिंगे रंगवून, झुली घालून मारुतीच्या देवळापुढे आणतात. वेशीवरच्या तोरणाखालून ते निघाले, की घरोघरी पुरणपोळीचा घास भरवला जातो. ट्रॅक्टर आल्यापासून दावणीची बैलजोडी कमी झाली आहे आणि काही घरांत मातीच्या बैलांची पूजा होते, पण गावाची मिरवणूक टिकून आहे. पाहुण्याने हा सण शहरात शोधू नये. मानवत-सेलूकडच्या एखाद्या खेड्यात ओळखीने जावे. खांदेमळणीची संध्याकाळ पोळ्याच्या मिरवणुकीहूनही मोलाची, कारण तिच्यात दाखवण्यासाठी केलेले काहीच नसते.

सप्टेंबर हा परभणी शहराचा महिना. ७ सप्टेंबर हा कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचा स्मृतिदिन. त्यांच्या नावाने शहरात भरणाऱ्या साहित्य महोत्सवाला शहरातला वाचक आणि खेड्यातला शिक्षक सारख्याच हक्काने येऊन बसतो. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रब्बी पीक मेळावा असतो. खरिपाचा मेळावा १८ मे रोजी, म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनादिनी (१८ मे १९७२) होतो. बियाणे घ्यायला, वाण पाहायला आणि शास्त्रज्ञांना प्रश्न विचारायला शेतकरी भल्या सकाळपासून येतात. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आणि ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ या ज्वारी याच विद्यापीठाच्या. पर्यटनाच्या यादीत कृषी मेळावा सहसा नसतो. तो असायला हवा, कारण या जिल्ह्याचा माणूस एरवी एवढ्या मोकळेपणी बोलताना भेटत नाही.

नवरात्रात गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या रेणुकामातेला मोठी गर्दी होते.

दिवाळीनंतर फिरण्याचे दिवस सुरू होतात. पाऊस थांबलेला, धरणे भरलेली, हवा कोरडी. परभणीची थंडी मराठवाड्यात नाव घेण्याजोगी असते. कडाक्याच्या वर्षी किमान तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. जिंतूर तालुक्यासाठी हाच काळ योग्य. जिंतूर गावाजवळच्या नेमगिरी आणि चंद्रगिरी या टेकड्यांवर जैन लेणी आहेत. नेमगिरीच्या गुंफांची दारे इतकी ठेंगणी, की वाकून, जवळजवळ सरपटत आत शिरावे लागते, आणि आत गेल्यावर समोर दाराच्या कित्येक पट मोठी तीर्थंकरमूर्ती बसलेली दिसते. पार्श्वनाथाची मूर्ती एवढ्याशा दगडावर तोललेली आहे. म्हणून तिला ‘अंतरिक्ष पार्श्वनाथ’ म्हणतात. याच तालुक्यात पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालेले येलदरी धरण आहे. साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र. दरवाजे उघडतात ते पावसाळ्याच्या अखेरीस, पण पाण्याचा विस्तार आणि काठावरचे पक्षी हिवाळ्यात निवांत पाहता येतात.

जिंतूरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर चारठाणा लागते. यादवकाळाच्या आसपासची देवळे, कोरीव मानस्तंभ आणि गोकुळेश्वराच्या देवळाशी असलेली पायऱ्यांची बारव यांमुळे हे गाव म्हणजे उघड्यावरचे संग्रहालयच आहे. कोरीव शिळा घरांच्या भिंतींत, ओट्यांत, गोठ्यांच्या कडेला बसलेल्या दिसतात. येथे अर्धा दिवस काढावा आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर घ्यावे. बरेचसे अवशेष रस्त्यावरून दिसतच नाहीत.

पौषाच्या तोंडाशी, मार्गशीर्ष अमावास्येला, लातूरला लागून असलेल्या गंगाखेड-पालम भागात येळवस (वेळ अमावास्या) साजरी होते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करून तिच्यात पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात. भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवणे हा त्या सणाचा भाग आहे, तेव्हा अनोळखी पाहुण्यानेही संकोच करू नये. मात्र हॉटेले, दुकाने आणि गावातली वर्दळ यांची त्या दिवशी आशा धरू नये.

येळवशीच्या मागोमाग हुरडा. रब्बी ज्वारीचे कणीस दूध भरून चिकावर आले, की मोजके दिवस त्याचा हुरडा होतो; दाणा कडक झाला, की ते शेत हुरड्याचे राहत नाही. बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे राखेत खुपसून भाजायची आणि हाताला चटके सोसत चोळून दाणे पाखडायचे. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, हरभऱ्याचे डहाळे, बोरे आणि ऊस. गुळभेंडीसारख्या जुन्या गोड वाणाला अजून मान आहे. कपाशी आणि सोयाबीनने रान व्यापल्यापासून ज्वारीचा पेरा घटला, त्यामुळे पूर्वी कोणत्याही सोयऱ्याकडे सहज मिळणारा हुरडा आता ठरवून मिळवावा लागतो. राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणानंतर तिकीट लावून हुरडा पार्टी देणारी शेते राज्यभर वाढली. तिथे झोके असतात, बैलगाडी असते, गाणी असतात. पण हुरड्याची चव कणीस मोडल्यापासून तोंडात पडेपर्यंतच्या वेळेवर ठरते, आणि त्या बाबतीत बांधावरच्या आगटीला तोड नाही.

परभणी शहरातील हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस हा जिल्ह्याचा सर्वांत मोठा मेळा. इतर दर्ग्यांचे उरूस बहुधा हिजरी तारखेने होतात आणि दरवर्षी मागे सरकत जातात. परभणीचा उरूस मात्र इंग्रजी तारखेने, २ फेब्रुवारीपासून १५ फेब्रुवारीपर्यंत भरतो. त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्याला वर्षभर आधी बेत आखता येतो. ही सोय जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या जत्रेत नाही. पीक हाती येऊ लागलेले, लग्नसराईच्या खरेदीला अवकाश आणि थंडी उतरणीला लागलेली, असा तो पंधरवडा. संदल निघतो, चादरी चढतात, कव्वाल्या रंगतात. बाहेर आकाशपाळणे, मौत का कुआँ, खेळण्यांची व बांगड्यांची दुकाने, भांड्यांचे ढीग आणि हलवा-पराठ्याच्या परातींच्या रांगा. हिंदू घरांतूनही नवस बोलले आणि फेडले जातात. खेड्यातून लेकराबाळांसह आलेले कुटुंब आधी दर्ग्यात माथा टेकते, मग पाळण्यात बसते आणि शेवटच्या बसच्या वेळेपर्यंत फिरत राहते. सोबत लहान मुले असतील तर दुपार, कव्वाली ऐकायची असेल तर रात्र निवडावी.

महाशिवरात्रीला गोदाकाठ जागा होतो. पाथरी तालुक्यातील मुदगल येथे मुद्गलेश्वराचे देऊळ थेट नदीच्या पात्रात उभे आहे. मोठ्या पुरात ते पाण्याने वेढले जाते, हिवाळ्याअखेर तिथवर जाता येते. गंगाखेड तालुक्यातील धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर शिल्पांसाठी जिल्ह्यात अव्वल : खाली दगडी बांधणी, वर विटांचे शिखर, बाह्यांगावर सुरसुंदरी. राज्य संरक्षित स्मारक असूनही या देवळाची वर्षानुवर्षे आबाळ झाली, आणि ती अभ्यासकांइतकीच गावकऱ्यांनाही सलत आली आहे. अलीकडे महाशिवरात्रीच्या संध्याकाळी राज्यभरच्या जुन्या बारवा झाडून-धुऊन त्यांत पणत्या लावण्याची प्रथा पडली आहे. परभणी जिल्हा तिच्यासाठी जणू तयारच होता. सेलू तालुक्यातील वालूरची गोलाकार बारव, जिच्या पायऱ्या वळसा घेत तळाशी उतरतात, आणि परभणीजवळच्या पिंगळीची बारव या दोन्ही गाळाने भरल्या होत्या. त्या उपसून पुन्हा पाहण्याजोग्या झाल्या, त्यात लोकांच्या श्रमदानाचा वाटा मोठा आहे. दिवे नसतानाही वालूरला जावे. मराठवाड्यात बारवा पुष्कळ आहेत, अशी बांधणी क्वचितच आढळते.

पालम तालुक्यातील जांभूळबेट हे गोदावरीच्या पात्रातले बेट. नावाप्रमाणे जांभळांची दाट झाडी, मारुतीचे देऊळ, मोर आणि माकडे. नावेतून जावे लागते, म्हणून पाणी चढते असताना बेत करू नये. पुराच्या माऱ्याने काठ खचत असल्याने बेट राखण्याची धडपड स्थानिक लोक करीत आले आहेत. जांभळे पिकतात ती पावसाच्या तोंडावर. फिरायला मात्र हिवाळाच बरा.

चैत्रात रामनवमीला पाथरी गजबजते. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून येथे मंदिर उभारले आहे. जन्मस्थानाच्या दाव्याला शिर्डीकरांचा विरोध असून जानेवारी २०२० मध्ये त्यावरून शिर्डी बंद पाळण्यात आला होता. भाविक दोन्हीकडे जातात. पाथरीची जुनी ओळख याहून वेगळी आहे : अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो, आणि या गावासाठी निजामशाही व इमादशाही यांच्यात लढायाही झाल्या. हनुमान जयंतीच्या सुमारास गावोगाव रोडग्यांचे भंडारे होतात. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला जाड रोडगा, वरण आणि वांग्याची भाजी हे जेवण पंगतीतच खावे. वैशाख शुद्ध चतुर्दशीला परभणी-गंगाखेड मार्गावरील पोखर्णी येथे नृसिंह जयंतीची यात्रा भरते. परभणी-परळी लोहमार्गावर या देवाच्या नावाचे स्थानकच आहे.

परभणी हे मनमाड-नांदेड मार्गावरील जंक्शन. सेलू आणि मानवत रोड ही स्थानके याच मार्गावर, गंगाखेड परळी फाट्यावर. पाथरीसाठी मानवत रोडला उतरावे. जिंतूर, चारठाणा आणि येलदरीसाठी एसटी किंवा खासगी वाहन लागते. मुक्कामाची बरी सोय परभणी शहरात आहे. उरसाच्या पंधरवड्यात खोली आधी ठरवावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा लेणी आणि बारवा सकाळी नऊच्या आत पाहून घ्याव्यात.