मुसाफिराने कुठे उतरावे?

दहावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. देगलूर नाक्यावर फळांचा गाडा लावणारे एक पालक शाळेत आले. मुलीला चांगले गुण पडले होते. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "सर, बच्ची को लातूर में डालरऊं. कौनसे एरिये में रखना?"

कोणत्या कॉलेजात घालू, कोणता क्लास लावू, फी किती, हे काहीच त्यांनी विचारले नाही. पहिला प्रश्न एरियाचा. आणि आम्हीही क्षणाचा विचार न करता एका मोहल्ल्याचे नाव सांगून मोकळे झालो. क्लासेस तिथून किती लांब आहेत, सकाळी सहाच्या बॅचला एकटी मुलगी कशी जाईल, हे आमच्या डोक्यातही आले नाही. रात्री मात्र झोप लागेना. आम्ही नववी-दहावीला इतिहास शिकवतो. परक्या गावी गेलेल्या माणसाने कोणत्या भागात उतरावे, हा प्रश्न आजचा नाही एवढे तरी आम्हाला आठवायला हवे होते.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा पडलेला माणूस म्हणजे इब्न बतूता. मोरोक्कोतील तंजा शहरातून १३२५ साली निघालेला हा मुसाफिर जवळजवळ तीस वर्षे फिरत राहिला. मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीत तो काझी होता आणि दिल्ली सोडल्यावर तो आपल्या मराठी मुलखातून, दौलताबादवरून गेला. दिल्ली ते दौलताबाद हा ४० दिवसांचा रस्ता. दुतर्फा झाडे आणि टप्प्याटप्प्यावर मुसाफिराला लागेल ते सारे मिळते, असे तो सांगतो. मलबारात त्याला वेगळाच बंदोबस्त दिसला. तिथे रस्त्यावर दर अर्ध्या मैलाला बाकडी असलेली लाकडी पडवी आणि जवळच विहीर होती. पाणी पाजणारा माणूस हिंदू मुसाफिराला भांड्यातून पाणी देई, मुसलमानाच्या मात्र ओंजळीत ओती. पण प्रत्येक मुक्कामावर एखादे मुसलमानाचे घर असेच, आणि मुसाफिर तिथे उतरत. नसते तर त्या मुलखात आमचा प्रवासच झाला नसता, असा त्याचा सूर आहे.

चीनविषयी तो जे सांगतो ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. तिथे मुसलमान व्यापारी एखाद्या शहरात आला की त्याला विचारले जाई: इथे राहणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्याकडे उतरणार की सरायीत? दोन्ही दारे उघडी. सरायीत उतरला तर संध्याकाळी अंमलदार कारकुनाला घेऊन येई, उतरलेल्या प्रत्येकाचे नाव लिहून घेई, कागदावर मोहोर करून दाराला कुलूप लावी. सकाळी पुन्हा एकेकाच्या नावाने हजेरी, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत सोबतीला माणूस. नाव विचारायचे ते माणूस सुखरूप पोचावा म्हणून. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

१३५० च्या सुमारास हाच इब्न बतूता अंदलुसात, म्हणजे आजच्या स्पेनमधील ग्रॅनाडात (आपल्या उर्दू पुस्तकांतले गरनाता) पोचला. तिथल्या फकिरांमध्ये त्याला समरकंदचा, तब्रीजचा, कोनियाचा, खुरासानचा माणूस भेटला. आणि दोघे हिंदुस्थानचे! हा मुलूख आपल्या गावासारखा वाटतो म्हणून ते तिथेच राहून गेले होते. हिंदुस्थानातून निघालेले ते दोघे फकीर पहिल्या रात्री ग्रॅनाडात कुणाच्या दारात उतरले असतील, हे आम्ही वर्गात मुलांना विचारतो. मुले म्हणतात, मशिदीत. एकदा एक मुलगा म्हणाला, "सर, स्टेशन पे."

तो फार चुकला नव्हता. त्या काळची स्टेशने म्हणजे फुंदुक. अरबीत सरायीला फुंदुक म्हणतात. स्पॅनिश भाषेत त्याचेच फोंदा झाले, म्हणजे खानावळीसह उतरण्याची जागा. आणि धान्याच्या वखारीला तिथे आलोंदिगा म्हणतात, तोही अल-फुंदुकच. एवढेच नव्हे, शहरातल्या भागाला, आपण ज्याला एरिया म्हणतो त्याला, स्पॅनिशमध्ये 'बार्रिओ' म्हणतात आणि तो शब्दही अरबीतून आलेला. ग्रॅनाडात चौदाव्या शतकातला एक फुंदुक अजून उभा आहे. नालेच्या आकाराची भव्य कमान, आत चौक, चौकाच्या मधोमध पाण्याचा दगडी हौद आणि भोवती तीन मजली सज्जे. खाली जनावरे आणि माल, वर माणसे. पुढे तिथे कोळशाचे व्यापारी उतरू लागले म्हणून त्याचे नाव कोराल देल कार्बोन, म्हणजे कोळशाचा वाडा, असे पडले. बाजाराच्या तोंडाशी असलेल्या या जागेत दिवसभर कुणीही यावे, उतरावे, माल विकून जावे.

पण त्याच देशात राहण्याच्या जागेचा दुसराही इतिहास आहे. १२३६ साली कॉर्डोबा म्हणजे कुर्तुबा आणि १२४८ साली सेव्हिल म्हणजे इश्बिलिया ख्रिस्ती राजांनी जिंकले. ख्रिस्ती राज्यांत जे मुसलमान उरले त्यांच्या वस्तीला 'मोरेरिया' म्हणत. आधी ती सोयीने झालेली वस्ती होती. आपले हमाम, आपला खाटीक, आपली मशीद जवळ. १४८० साली तोलेदोच्या राजसभेने हुकूम काढला की यहुदी आणि मुसलमानांनी वेगळ्या भागातच राहिले पाहिजे. पूर्वी माणूस स्वतः निवडत होता ती जागा आता कायद्याने ठरली. १४९१ साली ग्रॅनाडाचा तह झाला, त्यात धर्म, मशिदी, घरेदारे शाबूत राहतील असे लिहिले होते. दहा वर्षेही तो टिकला नाही. पुढे सक्तीची धर्मांतरे, १५६८ चा उठाव आणि १६०९ ते १६१४ या काळात उरल्यासुरल्यांची हकालपट्टी. अलहंब्रासमोरच्या टेकडीवरचा अल्बायसीन हा मुसलमानांचा गजबजलेला भाग ओस पडला. आज पर्यटकांना सांगतात की ग्रॅनाडात उतरायचे तर अल्बायसीनमध्ये उतरा, खिडकीतून अलहंब्रा दिसतो; सामान जड असेल तर मात्र खाली कॅथेड्रलजवळ बरे, वरच्या गल्ल्या फार चढाच्या आहेत. २००३ साली त्याच टेकडीवर नवी मशीद उघडली. पाचशे वर्षांनी अजान झाली, आणि ऐकायला शेजारी सगळे जगभरचे पर्यटक.

आता लातूरला येऊ. लातूरचे नशीब काढले ते बार्शी लाइट रेल्वेने. अडीच फूट रुंदीची ही चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि बाजार फुलला. १९१७ साली गंज गोलाई उभी राहिली. मधोमध गोल दुमजली इमारत, आत अंबाबाईचे मंदिर आणि भोवती फुटणारे १६ रस्ते. हा आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केला. निजामाच्या राज्यातला एक मुसलमान आखणीकार, मधोमध देवीचे मंदिर आणि चहूबाजूंनी येणारे शेतकरी-व्यापारी. बैलगाडी कोणत्याही गावाहून येवो, तिला गोलाईत शिरायला रस्ता होता. लातूरच्या मुलांनाही फैयाजुद्दीन हे नाव ठाऊक नसते. आमच्या शाळेत आम्ही ते फळ्यावर लिहितो.

कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांनी या बाजारात चांगला जम बसवला होता. आणि याच गावात वकिली करणारे कासिम रझवी पुढे रझाकारांचे पुढारी झाले. रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे अत्याचार केले ते लपवून आमचा इतिहास खरा होणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, चार-पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले, आणि त्यानंतर जे घडले त्याची किंमत रझवींनी नव्हे, साध्या माणसांनी मोजली. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षीच्या शेवटी दौरा केला. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे तिने सर्वाधिक होरपळलेले मानले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, सुमारे १० हजार मुसलमानांपैकी जेमतेम ३ हजार समितीला दिसले, हजारावर मारले गेले, बाकीचे पळाले, असे अहवालात नोंदलेले आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आमच्या घरातले बुजुर्ग आकडे सांगत नसत. 'भागमभाग' एवढाच त्यांचा शब्द. पण परगावी निघालेल्या पोराला ते सांगत, उतरना तो अपने मोहल्ले में. देगलूर नाक्यावरच्या पालकाच्या तोंडून तेच बोलत होते, आणि आमच्या तोंडूनही.

रविवारी आम्ही त्या बापलेकीबरोबर लातूरला गेलो. 'लातूर पॅटर्न'चे नाव झाल्यापासून मराठवाड्यातली पोरे या गावात येऊन राहतात. क्लासेसच्या भागात घराघरांवर 'रूम भाड्याने देणे आहे' अशा पाट्या आहेत. आम्ही मोहल्ल्याकडे न जाता आधी तिकडेच गेलो. एका घरच्या बाईंनी आम्हाला बसवले, पाणी दिले, मुलीचे गुण ऐकून कौतुक केले. खोली दाखवली. हवेशीर होती, क्लास दोन मिनिटांवर. मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्या आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मिस्टरांनी सकाळीच कुणाला तरी शब्द दिलाय." तासाभराने आम्ही त्याच गल्लीतून परतलो, तेव्हा पाटी तशीच लटकत होती. मुलीने ती वाचली. कुणी काही बोललो नाही.

राग आला हे खरे. पण आमच्याच शाळेतली गोष्ट त्याच वेळी आठवली. मराठी शिकवायला एक बाई आल्या होत्या, हिंदू, एकट्या. शाळेजवळ खोली मिळावी म्हणून त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही मोहल्ल्यात चार घरी गेलो. चारही ठिकाणी चहा मिळाला, खोली नाही. त्या बाई वर्षभर दोन ऑटो बदलून येत राहिल्या.

नांदेडला आम्ही पहिल्यांदा आलो तो बी.एड.च्या प्रवेशासाठी, कंधार तालुक्यातल्या खेड्यातून. एसटी उशिरा पोचली, ओळखीचे कुणी नाही, खिशात लॉजचे पैसे नाहीत. गाडीतले एक म्हातारे म्हणाले, गुरुद्वाऱ्यात जा. १७०८ साली बादशहा बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गुरु गोविंदसिंगजी गोदेकाठी आले आणि त्याच वर्षी इथेच त्यांचे देहावसान झाले. पुढे १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी सचखंडची इमारत बांधवली, हे पुस्तकातून ठाऊक होते. दारात गेलो तेव्हा पाय अडखळत होते. यात्री निवासातल्या सेवादाराने रजिस्टर पुढे ओढले आणि नाव विचारले. आम्ही सांगितले. त्याने ते लिहिले, गाव लिहिले, किल्ली दिली आणि म्हणाला, "लंगर चालू आहे, आधी जेवून घ्या." बस, एवढेच. चीनच्या सरायीतल्या त्या कारकुनाविषयी पुढे वाचले तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर हाच सेवादार आला.

लातूरला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फिरलो. शेवटी क्लासेसपासून थोडे लांब, औसा रोडच्या बाजूला एका निवृत्त एसटी कंडक्टरांच्या घरी विचारले. त्यांनीही नाव विचारले, वहीत लिहिले, आणि मग म्हणाले, "दोन महिन्यांचं डिपॉझिट. रात्री साडेनऊला गेट बंद. रोजे असतील तेव्हा पहाटे गॅस वापरायचा असला तर आधी सांगायचं, आमच्या हिला आवाजानं जाग येते." मुलीचा बाप आमच्याकडे पाहू लागला. मोहल्ला नव्हता, शेजारी कुणी ओळखीचे नव्हते. त्यांनी मुलीला विचारले, "क्या करना?" ती म्हणाली, "अब्बा, क्लास पंधरा मिनट पे है," आणि पिशवी आत नेऊन ठेवली.