मधल्या दिवसांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात अंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. तिसऱ्या दिवशी मी हैदराबादच्या एका रुग्णालयात, स्तनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर बसले होते. नोंदणी करणाऱ्या सिस्टरने तेलुगूत विचारलं, ‘गड्ड’ कधीपासून आहे? भाषांतर करणाऱ्या माणसाला भीतीतही आधी शब्द ऐकू येतो. मला कोबीचा गड्डा आठवला आणि नको त्या वेळी हसू आलं. आपली मराठी ‘गाठ’ बांधता येते, सोडवता येते, मनाशी मारता येते. घेतली तर ती भेटही असते. पण अंगात लागली की या शब्दाला एकच अर्थ उरतो.

त्या बाकावर मला आत्या आठवत होती. १९८८ साली ती ‘लहानशी गाठ काढायला’ एका दवाखान्यात गेली. शुद्धीवर आली तेव्हा तिचा एक स्तन नव्हता. कागदावर सही आतोबांची होती. पुढे पंचवीस वर्षं आत्या जगली, ब्लाउजमध्ये कापसाची घडी ठेवून. ऑपरेशन चुकलं असं ती कधी म्हणाली नाही. ‘मला विचारलं नाही,’ एवढंच म्हणायची.

हा त्या एका दवाखान्याचा दोष, असं मी बरीच वर्षं समजत होते. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की हीच रीत मोठमोठ्या ठिकाणी रूढ होती.

एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नीचं एक पत्र वाचलं होतं. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये तिच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. सर्जन होता नेपोलियनच्या सैन्यातला लारे. भूल देण्याची विद्या अजून यायची होती. शस्त्रक्रिया आजच आहे, हे तिला अवघे दोन तास आधी कळलं. बहिणीला हे सगळं कळवायला मात्र तिला कित्येक महिने लागले. त्यानंतर ती १८४० पर्यंत जगली.

पुढे भूल आली, आणि विचारण्याची गरजच संपली. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडने १८९४ मध्ये आपली पद्धत मांडली: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढायच्या. ही पद्धत जवळपास पाऊण शतक चालली. तिच्या जोडीला दुसरी सोय झाली. बाई बेशुद्ध असतानाच गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि कर्करोग निघाला तर तिथेच, त्याच भुलेत, पुढचं सगळं उरकायचं. दोन्हींची परवानगी आधीच घेतलेली असे. आपल्याला काय झालं आहे, हे बाईला जागी झाल्यावर छाती चाचपून कळायचं.

या रिवाजाला अडवलं ते रोझ कुशनर या अमेरिकन पत्रकार बाईने. १९७४ मध्ये तिला गाठ लागली. आधी फक्त तपासा, उरलेलं मी ठरवेन, असं म्हणत तिने सर्जनमागून सर्जनला फोन केले, तेव्हा कुठे एक तयार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांची वेळ आली. कुशनरने व्हाइट हाउसला फोन लावला: दोन्ही गोष्टी एका दिवशी करू नका. राष्ट्राध्यक्षांचा निर्णय झाला आहे, असं तिला सांगण्यात आलं. हे वाचताना मला आतोबांची सही दिसली.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ समितीत कुशनरही होती. निदान आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी व्हावी, अशी शिफारस समितीने केली. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीने दाखवलं, की लहान गाठ असेल तर तेवढीच काढून किरणोपचार दिले, तरी स्त्रिया तितक्याच जगतात. आता निवडायला खरंच काही होतं, म्हणून विचारण्यालाही अर्थ आला.

माझी पहिली तपासणी या इतिहासानंतरची होती. आधी नुसते प्रश्न: गाठ कधीपासून, पाळीनुसार कमीजास्त होते का, बोंडातून स्राव येतो का, मुलं किती, कोणती औषधं चालू आहेत, माहेरी कुणाला कर्करोग होता का. आईकडच्यांइतकंच वडिलांकडचंही विचारतात. आत्या तिथे कागदावर आली. मग डॉक्टरांनी हाताने तपासलं, बसवून, हात वर करायला लावून, झोपवून, काख आणि गळ्याच्या हाडापर्यंत. सोबत सिस्टर उभी होती. कुर्ता-सलवार किंवा साडी नेसून जावं, फक्त वरचं काढावं लागतं; काखेत पावडर लावू नये, ती चित्रात डागासारखी दिसू शकते.

नुसत्या हातालाही इतिहास आहे. मुंबईत १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी दीड लाखाहून अधिक स्त्रियांची चाचणी चालवली. त्यातल्या निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तशी घट दिसली नाही.

मग मॅमोग्राफी. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबतात. दुखतं, पण लगेच सुटतं. क्ष-किरणांत गाठ कशी दिसते, हे बर्लिनच्या आल्बर्ट सालोमोनने १९१३ मध्ये, काढून टाकलेल्या सुमारे तीन हजार स्तनांवरून अभ्यासलं होतं. पुढे नाझींनी त्याचं पद काढून घेतलं, आणि त्याची चित्रकार मुलगी शार्लोट आउश्वित्झमध्ये मारली गेली. त्या पट्टीखाली उभी असताना मला ती आठवली.

सोनोग्राफीनंतर बायॉप्सी: जागा बधिर करून जाड सुईने तंतूएवढे तुकडे काढतात, स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज होतो. ‘बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात,’ सिस्टर म्हणाली. ‘रिपोर्ट सहा दिवसांनी.’

ते सहा दिवस मी नीट झोपले नाही. आता मनात येतं, हेच दिवस आत्याला मिळाले नव्हते.

रिपोर्ट चांगला निघाला. गाठ साधी होती. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला आणि विचारलं, ‘काढायची, की सहा महिन्यांनी पुन्हा बघू? घरी विचारून सांगायचं असेल तरी चालेल.’

मी म्हटलं, ‘नको, मीच सांगते.’