हलक्या ब्राउझरचें मोल

जिनेव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेंत १९९० सालच्या अखेरीस टिम बर्नर्स-ली यांनीं जगांतला पहिला वेब ब्राउझर चालवून दाखविला, तो नेक्स्ट नांवाच्या एका महागड्या व विरळा संगणकावर. त्याला खिडक्या होत्या, माउस होता, निरनिराळ्या वळणांचीं अक्षरें होतीं. उणीव एवढीच कीं, असें यंत्र संस्थेंतील बहुतेकांच्या मेजावर नव्हतें. ही अडचण दूर केली ती निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीनें. इंग्लंडमधील लेस्टर पॉलिटेक्निकमधून उमेदवारीसाठीं आलेल्या या मुलीनें असा ब्राउझर लिहिला कीं, तो कोणत्याहि साध्या पडद्यावर चालावा. मजकूर ओळीमागून ओळ उमटे. जेथें दुसऱ्या पानाचा दुवा असेल तेथें चौकटी कंसांत एक आंकडा दिसे. तो आंकडा टंकिला कीं पुढचें पान हजर. चित्र नाहीं, रंग नाहीं, आणि माउस तर नाहींच नाहीं. १९९१ सालीं वेब जगापुढें आलें, तें अनेकांना प्रथम दिसलें तें याच झरोक्यांतून.

ब्राउझर म्हणजे दूरच्या संगणकावरील पान आणून वाचकापुढें मांडणारा प्रोग्रॅम. आरंभीं त्याचें काम पोस्टमनाचें होतें. पत्र द्यावें आणि निघून जावें. १९९५ मध्यें नेटस्केपनें आपल्या ब्राउझरांत जावास्क्रिप्ट घातली, आणि तेव्हांपासून पानाबरोबर परक्याचा प्रोग्रॅमहि घरांत येऊन चालूं लागला. आज याच ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार होतात, डॉक्टरांचे अहवाल येतात, खाजगी पत्रें वाचलीं जातात. पाहुण्याला दिवाणखान्यांत बसवावें, पण तिजोरीच्या खोलीला कडी असावी, ही दक्षता आतां ब्राउझरनें घ्यावयाची असते. लिनक्स वापरणाऱ्यांमध्यें एक वर्ग असा आहे कीं, त्याला ब्राउझर हलका हवा, केवळ कळफलकावर चालणारा हवा, आणि सुरक्षितहि हवा. या तीन गुणांना एका घरांत नांदविण्याचा प्रयत्न गेलीं तीस वर्षें चालला आहे. पहिल्या दोघांचें चटकन् जमतें. तिसरा आला कीं पहिल्याला बहुधा बिऱ्हाड हलवावें लागतें.

कळफलकाचा आग्रह हा निव्वळ हट्ट नव्हे. १९७६ च्या सुमारास बर्कले विद्यापीठांत शिकत असलेल्या बिल जॉय यांनीं ‘व्ही-आय’ नांवाचा मजकूर-संपादक लिहिला. त्यांच्या हाताशीं असलेल्या एडीएम-३ए या टर्मिनलच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के व एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाण काढलेले होते. जॉय यांनीं त्याच कळा पडद्यावर फिरण्यासाठीं योजिल्या. तें टर्मिनल केव्हांच अडगळींत गेलें. पण ‘जे’ म्हणजे खालीं आणि ‘के’ म्हणजे वर ही संवय दोन पिढ्या टिकली. १९९१ मध्यें ब्राम मोलेनार यांनीं व्ही-आयची सुधारलेली आवृत्ति ‘विम’ या नांवानें प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीं हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांचें लिनक्स बाहेर पडलें. दोघांची जोडी जमली ती कायमची. पेटीवर बसलेला हात पट्ट्या शोधीत नाहीं. तसा या मंडळींचा हात कळफलकावर बसलेला असतो, आणि दर दुव्यासाठीं तो उचलून माउसकडे न्यावा लागला कीं त्यांचा ताल चुकतो. माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनीं १९६८ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध प्रयोगांत उजव्या हातीं माउस धरला, तेव्हां त्यांच्या डाव्या हाताखालीं पांच कळांचा एक छोटा फलक होता. जगानें त्यांतला माउस तेवढा उचलला.

पेलो यांच्या मागून आलेले मजकुरी ब्राउझर अनेक. कॅन्सस विद्यापीठांत १९९२ सालीं जन्मलेला लिंक्स हा त्यांतला वडीलधारा. त्याची देखभाल अद्याप चालू आहे, आणि इतकें दीर्घायुष्य दुसऱ्या कोणत्याहि ब्राउझरला लाभलेलें नाहीं. बोलणाऱ्या यंत्राच्या साह्यानें वाचणाऱ्या अंधांनाहि तो फार उपयोगीं पडला. १९९५ मध्यें जपानांत अकिनोरि इतो यांनीं ‘डब्ल्यू-थ्री-एम’ केला. ‘वेब पाहणें’ या अर्थाच्या जपानी वाक्याचीं तीं आद्याक्षरें होत. १९९९ मध्यें मिकुलाश पातोचका या झेक प्रोग्रॅमरनें आणखी एक ब्राउझर काढला, आणि त्याचें नांव ठेविलें तेंहि लिंक्स! पहिल्याचा अर्थ रानमांजर, दुसऱ्याचा अर्थ दुवे. लिहिण्यांत भेद आहे, कानाला कांहींच नाहीं. त्यांत दोघेहि लिनक्सवर चालणारे, तेव्हां ऐकणाराच्या गोंधळाची परिसीमा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस होर्हे अरेयानो सिद या चिलीच्या गृहस्थांनीं ‘डिलो’ चालू केला. तो चित्रें दाखवितो, खिडकींत उघडतो, आणि तरी जुन्यांतल्या जुन्या संगणकावर हरणासारखा धांवतो. कारण जावास्क्रिप्ट त्याला येतच नाहीं.

येथें हलकेपणा व सुरक्षितता यांचा एक सोपा मेळ दिसतो. परक्याचा प्रोग्रॅम घरांत घेतलाच नाहीं, तर त्याच्यावर पहारा ठेवण्याचें कारणच उरत नाहीं. परंतु ही बेगमी दिसते तेवढी पक्की नाहीं. २०२१ मध्यें असें उघडकीस आलें कीं, एखाद्या पत्त्यांतच नांव व परवलीचा शब्द गुंफलेला असला, तर कॅन्ससचा लिंक्स सुरक्षित जोडणी जुळवितांना तो शब्द न झांकतां उघड्यावर पाठवीत असे. दोष दुरुस्त झाला; तथापि तीस वर्षांच्या जुन्या व साध्या वाड्यालाहि फट असूं शकते हें कळून आलें. शिवाय बँकेचें पान अशा ब्राउझरांत बहुधा कोरेंच उमटतें. कोऱ्या पानाची सुरक्षितता काय कामाची!

म्हणून कळफलकाच्या भक्तांनीं मोठ्या ब्राउझरांना वश करण्याचा मार्ग धरिला. शॉन बेट्स या प्रोग्रॅमरनें पूर्वीं ‘रॅटपॉयझन’, म्हणजे उंदराचें विष, या नांवाचा खिडक्यांचा व्यवस्थापक लिहिला होता. कोणत्या प्राण्याच्या नायनाटासाठीं तें सांगणें नलगे. त्यांनींच मोझिलाच्या पायावर ‘कॉन्करर’ उभारिला. २००७ मध्यें मार्टिन स्टुबेनश्रॉट यांनीं फायरफॉक्सला जोडावयाचा ‘व्हिम्परेटर’ आणला, आणि या पंथाला खरी भरती आली. त्यांतील युक्ति मोठी सुरेख होती. ‘एफ’ कळ दाबली कीं पानावरच्या प्रत्येक दुव्यावर एक लहानशी खूण उमटे. ती खूण टंकिली कीं दुवा उघडे. पेलो यांचा कंसांतला आंकडा सोळा वर्षांनीं असा पुन्हां अवतरला.

दुसरीकडे कांहींनीं स्वतंत्र ब्राउझरच बांधावयास घेतले, आणि येथें या इतिहासांतील सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. पान वाचून तें पडद्यावर मांडणाऱ्या भागाला इंजिन म्हणतात. तें लिहिणें हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे, शेंकडों माणसांचें आहे. लिनक्सवरील केडीई या प्रकल्पांत १९९८ च्या सुमारास सुरू झालेलें केएचटीएमएल हें इंजिन ॲपल कंपनीनें आपल्या सफारीसाठीं घेतलें, तें २००३ मध्यें जाहीर झालें. त्याचें वेबकिट झालें. गूगलनें २००८ मध्यें क्रोम काढला तो वेबकिटवर. आणि २०१३ मध्यें गूगलनें त्याची वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक म्हटलें. लिनक्सच्या अंगणांतलें रोप असें परक्याच्या बागेंत वाढलें, आणि मूळच्या घरीं त्याचीं फळें विकत नव्हे तरी उसनीं आणावीं लागलीं. २००९ चा ‘उझ्बल’, त्याच सुमाराचा ‘सर्फ’, पुढें ‘डीडब्ल्यूबी’, हे सारे ब्राउझर वेबकिटवर बसविलेले. त्यांचा स्वतःचा मजकूर कांहीं हजार ओळींचा, म्हणून ते हलके म्हणविले जात. गाडी लाखाची आणि लगाम आपला, असा तो प्रकार होता.

लगाम आपला असला तरी चाकांची देखभाल दुसऱ्याच्या हातीं राहिली. इंजिनांत दर महिन्याला नवे दोष सांपडतात. ते दुरुस्त करून नवी प्रत वापरणाऱ्याच्या यंत्रावर पोंचली पाहिजे. वेबकिटचें लिनक्सवरील रूप वापरण्याची जुनी पद्धत २०१४ च्या आवृत्तीनंतर बंद पडली. तिच्यावर विसंबलेले अनेक छोटे ब्राउझर मात्र चालूच राहिले. २०१६ च्या आरंभीं या रूपाच्या एका कर्त्यानेंच जाहीर लेख लिहून सांगितलें कीं, बहुतेक लिनक्स वितरणें या इंजिनाच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या लोकांपर्यंत पोंचवीतच नाहींत. आपल्या हलक्या, देखण्या ब्राउझरवर खूष असलेल्या कित्येकांच्या घराचें मागचें दार दोनदोन वर्षें उघडें होतें, आणि पुढच्या दारावरील कळा मात्र ते हौसेनें घासूनपुसून ठेवीत होते.

मोठे ब्राउझर त्या वेळीं काय करीत होते? ते जड होत होते, आणि त्या जडपणाला कारण होतें. क्रोमनें २००८ मध्यें जन्मतःच आपले तुकडे केले: पानें मांडणारा भाग वेगळ्या प्रक्रियांत, आणि त्या प्रत्येकीभोंवतीं कुंपण. पानांतील दुष्ट प्रोग्रॅमनें इंजिन फोडलें तरी तो कुंपणांतच अडकावा, घरांतील फायलींना त्याचा हात लागूं नये, असा हेतु. २०१८ च्या जानेवारींत स्पेक्टर नांवाचा दोष जाहीर झाला. तो प्रोग्रॅममधला नव्हे, संगणकाच्या मेंदूंतलाच. त्यायोगें एका पानाला शेजारच्या पानाची मेमरी चोरून वाचतां येण्याची भीति उत्पन्न झाली. क्रोमनें त्याच वर्षीं प्रत्येक संकेतस्थळाला निराळी प्रक्रिया देण्यास आरंभ केला, आणि मेमरीचा खर्च त्यामुळें सुमारें १० ते १३ टक्के वाढतो असें गूगलनें स्वतःच सांगितलें. हें वजन चरबीचें नव्हे, चिलखताचें.

फायरफॉक्सलाहि हेंच चिलखत चढवावयाचें होतें, आणि त्यांत व्हिम्परेटरचा बळी गेला. जुन्या पद्धतीच्या जोडण्यांना ब्राउझरच्या आंतड्यापर्यंत हात घालतां येत असे. म्हणून तर पडद्यावरील सगळीं बटणें काढून टाकून तेथें विमची आज्ञा-ओळ बसविणें व्हिम्परेटरला साधलें होतें. पण प्रत्येक जोडणीला सर्व खोल्यांच्या किल्ल्या दिल्या तर भिंती घालून काय उपयोग? १४ नोव्हेंबर २०१७ रोजीं निघालेल्या फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीनें ती पद्धत बंद केली. त्याच्या जागीं आलेल्या ‘ट्रायडॅक्टिल’ला आणि क्रोमवरील ‘विमियम’ला ब्राउझरच्या स्वतःच्या कांहीं पानांवर मज्जाव आहे, तेथें कळा अकस्मात् मुक्या होतात. जुने भक्त हळहळले, आणि त्यांची हळहळ खोटी नव्हती. तरीहि मोझिलाचा निर्णय चुकला असें म्हणवत नाहीं.

या सर्वांतून वाट काढणारा एक ब्राउझर म्हणजे फ्लोरियन ब्रुहिन या स्विस प्रोग्रॅमरनें २०१३ च्या डिसेंबरांत लिहावयास घेतलेला ‘क्यूटब्राउझर’. पायथन भाषेंत लिहिलेला, सर्वस्वीं कळफलकावर चालणारा. आरंभीं तो वेबकिटवर होता. क्यूट या साधनसंचानें २०१६ मध्यें वेबकिट सोडून दिलें, आणि ऑक्टोबर २०१७ च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीपासून ब्रुहिन यांनीं क्रोमच्या घराण्यांतलें इंजिन मुख्य मानलें. ब्राउझर वजनांत वाढला, पण कुंपण मिळालें. तें इंजिनहि उसनेंच असल्यानें मूळ क्रोमियमच्या तें चार पावलें मागें असतें, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून त्याला जोडाव्या लागतात. २०१८ च्या जुलैंत खुद्द क्यूटब्राउझरमध्येंच एक दोष निघाला: एखाद्या परक्या पानाला त्याच्या सेटिंग्ज बदलतां येत, आणि त्यामार्गें यंत्रावर हवी ती आज्ञा चालवितां येई. कर्त्यानें तो तत्काळ दुरुस्त केला व स्वतः जाहीरहि केला. छोट्या प्रकल्पाची पारख करावयाची ती अशाच प्रसंगीं.

मराठी वाचकाच्या वांट्याला या प्रकरणांत दोन अडचणी अधिक येतात. टर्मिनलच्या पडद्यावर प्रत्येक अक्षराला ठराविक रुंदीचें घर असतें. तेथें देवनागरी जोडाक्षरें व वेलांट्या पुष्कळदां विस्कटतात, म्हणून मराठी मजकुरासाठीं मजकुरी ब्राउझर क्वचितच सुखावह होतो. दुसरें असें कीं, कळफलक इन्स्क्रिप्टवर असतांना ‘जे’च्या कळेंतून ‘र’ निघतो, ‘के’मधून ‘क’, आणि ‘एफ’मधून ऱ्हस्व वेलांटी, ब्राउझरला आज्ञा कळेनाशी होते. क्यूटब्राउझरमध्यें एका कळेचा अर्थ दुसरीला देण्याची सोय आहे. ती एकदां बसवून घ्यावी लागते.

डेबियन या जुन्या व सावध लिनक्स वितरणानें २०२३ मधील आपल्या बाराव्या आवृत्तीच्या सूचनांत याबाबत मोकळेपणानें लिहिलें आहे: ब्राउझरच्या इंजिनांत दोषांचा ओघ अखंड असतो, सर्वच इंजिनांना सुरक्षेची हमी देतां येत नाहीं, आणि नेहमींच्या वापरासाठीं फायरफॉक्स किंवा क्रोमियम घ्यावा. जाणते लोक हाच सल्ला थोडा वांकवून घेतात. बँक, पत्रव्यवहार व सरकारी कामें यांसाठीं वितरणाकडून नित्य नवी प्रत मिळणारा फायरफॉक्स वा क्रोमियम, वर विमच्या कळांची जोडणी. आणि लेख, कोश, दस्तऐवज वाचण्यासाठीं डिलो, डब्ल्यू-थ्री-एम किंवा लिंक्स, त्यांत परवलीचा एकहि शब्द कधीं न टंकतां. डिलोचें काम मध्यंतरीं कित्येक वर्षें थंडावलें होतें. २०२४ मध्यें दुसऱ्या हातांनीं त्याची नवी आवृत्ति काढली, आणि जावास्क्रिप्ट त्याला अजूनहि येत नाहीं.

कॅन्ससच्या लिंक्समध्यें एक आज्ञा आहे. ती दिली कीं पानावरील दुव्यांपुढें चौकटी कंसांत आंकडे उमटतात, आणि आंकडा टंकून पुढचें पान मागवितां येतें.